बाइंडरबाईंचं डोकं

फाटक्या पुस्तकाला नवं अंग द्यावं तर बाइंडरबाईंनीच, असं गल्लीत सगळे म्हणत. दोन खोल्यांचं घर. आतल्या स्वयंपाकघरातच खिडकीखाली त्यांचं कामाचं टेबल. शेजारच्या शेगडीवर मंद आचेवर पुस्तकं चिकटवायचा सरस नाहीतर खळ शिजत असायची. वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून खिडकी सदा बंद. घरात माणसं दोनच, त्या आणि त्यांची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटी एका इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. ती सकाळी जायची, संध्याकाळी यायची आणि आली की घर डोक्यावर घ्यायची.

थंडी सुरू झाली तसं बाइंडरबाईंचं डोकं दुखायला लागलं. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग दुपारी गरगरायला लागलं. कात्री हातात असताना कात्रीच शोधायची वेळ आली. एकदा त्यांनी एका शिक्षकांच्या पुस्तकातला मधलाच फर्मा, म्हणजे पानांचा एक जुडगा, उलटा शिवला. शिक्षकांनी ते हसत हसत परत आणून दिलं, पण बाईंच्या काळजात चर्र झालं. त्यांची आई शेवटी पोटच्या मुलांनाही ओळखत नव्हती. तिचीही सुरुवात अशीच, लहानसहान चुकांनी झाली होती.

त्यांनी जावेला ताकास तूर लागू दिली नाही. गिऱ्हाइकांचं नवं काम मात्र "हात भरलेत" म्हणून परत पाठवायला लागल्या.

"जाऊबाई, तुमचं चित्त कुठं असतं हल्ली?" धाकटीने विचारलं. "भाजीत मीठ दोनदा पडलंय."

"तुझ्या बडबडीत मोजमाप चुकतं," बाई म्हणाल्या आणि विषय संपवला.

अशात भाचीला मुलगी झाली. मदतीला म्हणून दोघी तिच्याकडे जाऊन राहिल्या. रात्रंदिवस बाळाचं रडणं, झोपेचं खोबरं, तरी बाइंडरबाईंचं डोकं तिथं एकदाही दुखलं नाही. कुणाचे निरोप, बाळाच्या औषधाच्या वेळा, सगळं त्यांच्या तोंडपाठ. मनातून त्या सुखावल्या, पण धसका जाईना. वाटलं, बाळाच्या कौतुकात दुखणं दबलं असेल, घरी गेल्यावर पुन्हा डोकं वर काढेल.

परतल्या त्या दिवशी दुपारी धाकटीने कुलूप काढून दार उघडलं आणि दोघी उंबऱ्यातच थबकल्या. आतून सडक्या अंड्यासारखा वास आला.

"सरसाचा असेल," धाकटी म्हणाली आणि सवयीने तिचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

बाईंनी तिचं मनगट धरलं. "बटणाला हात लावू नकोस. गॅस आहे हा."

सरस आणि खळीच्या वासात त्यांचं नाक या वासाला इतकं सरावलं होतं, की घरात असताना तो कळतच नव्हता, आणि संध्याकाळी येणाऱ्या धाकटीला तो सरसाचाच वाटायचा. चार दिवस बाहेरची हवा खाल्ली म्हणून आज कळला. गॅस बंद करायचा मुख्य कॉक बाहेर जिन्यातच होता. बाईंनी तो फिरवला. त्या आत गेल्या नाहीत. शेजाऱ्यांची घंटा न वाजवता दारावर थापा मारल्या, सगळ्यांना खाली काढलं आणि रस्त्यापलीकडे गेल्यावरच धाकटीने गॅस कंपनीला फोन लावला.

कंपनीकडून एक पोक्त बाई आणि तिचा जोडीदार आले. मापयंत्र घेऊन ते आधी आत गेले, दारं-खिडक्या उघडल्या आणि हवा निवळल्यावर या दोघींना वर बोलावलं. भांड्यांचं कपाट सरकवलं तर मागे इमारतीच्याच वयाची लोखंडी नळी. रंगावर रंग चढून ती गुळगुळीत दिसत होती, पण गॅसबाईने खरवडलं तसे खाली गंजाचे पापुद्रे निघाले. तिने नळीत थोडी हवा भरली आणि सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. फुगे आले.

"ज्योत कशी दिसते हल्ली?" तिने विचारलं.

"पिवळी," बाई म्हणाल्या. "भांड्यांची बुडंही काळी होतात. मला वाटलं, गॅसच हलक्या प्रतीचा येत असेल."

"गंजाची भुकटी बर्नरमध्ये अडकली की असं होतं. ज्योत निळी हवी. पिवळी झाली की विषारी वायू निघतो आणि त्याला वासही नसतो. त्यात ही खिडकी बंद. तुमच्यापैकी कुणाचं डोकं दुखायचं का? गरगरणं, विसरणं?"

धाकटीने एकदा जावेकडे पाहिलं. "यांचं दुखायचं. सांगत नव्हत्या, पण कपाळ दाबताना दिसायच्या. आणि भाचीकडे दुखलं नाही."

"मग डॉक्टरांना दाखवा, पण मला वाटतं तुमचा आजार या बर्नरमध्येच होता."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, प्रश्न विचारले, उलटे आकडे म्हणवून घेतले, चित्रं दाखवून नंतर आठवायला लावली. बाईंचं काही चुकलं नाही. "तुमचं डोकं ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "महिन्याभराने एकदा दाखवून जा. तोवर खिडकी उघडी ठेवा आणि नळी बदलल्याशिवाय शेगडी पेटवू नका."

दवाखान्याच्या पायरीवर बाई बसूनच राहिल्या. "मला वाटलं, आईसारखंच होणार," त्या हळूच म्हणाल्या. "तुला ओळखलं नाही तर, म्हणून झोप लागत नव्हती."

धाकटी शेजारी बसली. "मला सांगायचं नाही? एवढी का परकी आहे मी?" ती आधी रागावली, मग नाक पुसत म्हणाली, "आणि मला विसरायचं म्हटलं तरी मी विसरू दिलं असतं का तुम्हाला?"

बाईंना हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

नवी नळी बसेपर्यंत दोघी शेजारणीकडे जेवल्या. मग कंपनीने इमारतीतल्या बाकीच्या घरांच्याही नळ्या तपासल्या, त्यातल्या दोन निकामी निघाल्या. शेगडी पुन्हा पेटली तेव्हा धाकटीने वाकून ज्योत पाहिली. "निळी आहे."

बाइंडरबाईंनी खिडकी उघडली, उडणाऱ्या पानांवर वजन म्हणून वरवंटा ठेवला आणि परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांना, पुस्तकं घेऊन या, म्हणून निरोप धाडायला बसल्या.