नावामागची काडी

मूल या तालुक्याच्या गावी खताच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेऊन मी चार वर्षं वेबसाइट बनवायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तेच तेच प्रश्न झेलले. समोर राइस मिल होती. हंगामात तिचं तूस खिडकीतून आत यायचं आणि नेमकं कीबोर्डात जाऊन बसायचं. अर्धविरामाचं बटण अडकायचं. पीएचपी या वेबसाइट लिहायच्या भाषेत प्रत्येक विधानाच्या शेवटी अर्धविराम लागतो, तो राहिला की पान कोरं. मग खोलीच्या चारी कोपऱ्यांतून एकच ओरड, सर, काहीच नाई दिसून राह्यलं.

दुसऱ्या दिवशी डॉलरचं चिन्ह. माहिती ज्या नावाखाली ठेवायची त्या नावाआधी पीएचपीत डॉलर लावतात. का लावतात, तर ज्याने भाषा बनवली त्याने तसं ठरवलं. एवढं उत्तर मला पुरायचं, त्यांना पुरायचं नाही. एका मिलच्या कारकुनाने मला गंभीरपणे विचारलं होतं, आपल्या इथी तं रुपया चालते, मंग हे डॉलर काऊन? वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण आधीच्या तुकडीतही कुणीतरी हेच विचारलं होतं आणि त्याच्या आधीच्याही. मग बरोबरचं चिन्ह कुठे एकदा, कुठे दोनदा, कुठे तीनदा. आठवडाभर समजावून सांगावं आणि सोमवारी पाहावं तर पालथ्या घड्यावर पाणी. मी मुळातच तापट. त्या खोलीत आणखी तापट झालो, हे कबूल करतो.

सगळ्यात जास्त विचारायची ती एक बाई. चाळिशीची, सिंदेवाहीच्या बाजूच्या एका खेड्यातून एसटीने यायची. गावात आरोग्याचं काम करायची आणि आसपासच्या गावांची सिकलसेलची नोंदवही तिच्याकडे असे. आमच्या भागात हा शब्द शाळेतल्या पोरालाही माहीत असतो. रक्ताचा आजार, आईबापांकडून येणारा. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, फक्त वाहक असतो, त्याला पिवळं कार्ड. दोघांकडूनही आला तर लाल कार्ड, आणि मग जन्मभर अंग दुखणं, रक्त चढवणं, दवाखाना. दोन पिवळ्यांचं लग्न झालं तर लाल कार्डाचं मूल होऊ शकतं. म्हणून लग्न जुळवायच्या आधी लोक तिच्याकडे येत आणि ती वही उघडून सांगे. वही जाडजूड, पानं सुटलेली. तिला एक पान हवं होतं, ज्यावर नाव आणि गाव टाकलं की अहवाल दिसेल. त्यासाठी ती शिकत होती. आणि तिचीच मुलगी लग्नाची होती, पिवळ्या कार्डाची. हेही तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

तिच्या वहीत एक पद्धत होती. एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तीन-तीन लोक. ते ओळखू यावेत म्हणून ती नावाच्या शेवटी वरच्या अंगाला बारीक उभी रेघ मारायची. तिला ती काडी म्हणे. काडी नसली तर माणूस मूळ गावातला, एक काडी म्हणजे वरच्या टोल्यावरचा, गावाबाहेरच्या वरच्या वस्तीतला, दोन काड्या म्हणजे खालच्या टोल्यावरचा. वही तिने संगणकावर उतरवली तेव्हा काड्याही इमानेइतबारे उतरवल्या, आणि कीबोर्डावर काडीसारखं दिसणारं चिन्ह एकच, एकेरी अवतरणचिन्ह.

आता माहितीच्या तक्त्याला प्रश्न विचारताना आपण जे नाव शोधतो ते याच चिन्हांच्या मध्ये ठेवावं लागतं. नावातच ते चिन्ह आलं की यंत्राला वाटतं नाव इथेच संपलं, आणि पुढचं सगळं हुकूम म्हणून वाचायला लागतं. नाठाळ माणूस याचाच फायदा घेतो, नावाच्या चौकटीत नावाऐवजी हुकूम लिहितो आणि अख्खा तक्ता पुसून टाकतो. यावर खरा उपाय फार सोपा आहे. छापील अर्जात मोकळी जागा असते, तिथे तुम्ही काहीही लिहा, वरचा छापील मजकूर बदलत नाही. तसा प्रश्न आधी पक्का छापून घ्यायचा, नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि नाव मागाहून वेगळं द्यायचं. हा धडा माझ्या वहीत शेवटच्या आठवड्यात होता. आधी शिकवला तर पोरं गोंधळतात, असं माझं मत होतं. खरं सांगायचं तर पुन्हा नवे प्रश्न येतील याचा मला कंटाळा होता.

एका दुपारी तिचं पान अडलं. काडीचं नाव टाकलं की लाल अक्षरांत चूक झाल्याचा मजकूर. त्याच दिवशी वीज तीनदा गेलेली, कारकुनाने माझं सगळं शिकवलेलं नव्याने विचारलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली होती. मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि एक ओळ टाकायला सांगितली. टाकलेल्या नावात अवतरणचिन्ह असेल तर ते पुसून टाक, मग शोध. ओळ टाकली, लाल मजकूर गेला.

ती काही हात हलवेना. म्हणाली, "सर, काडी काढली तं नाव दुसऱ्याचं होते नं?"

मी म्हणालो की यंत्राला काडीबिडी कळत नाही, वहीतल्या खुणा वहीत ठेवायच्या, आणि प्रत्येक ओळीला काऊन काऊन करत बसलात तर तुमचं पान पुढच्या जन्मी होईल. वर्ग पुन्हा हसला. या वेळी मीही हसलो. तिने ती ओळ तशीच ठेवली. त्या दिवसानंतर तिचे प्रश्न एकदम कमी झाले, आणि मी मनात म्हटलं, सुटलो.

पान झालं. तिने ते गावात वापरायला सुरुवात केली, एवढंच मला कळलं. पुढे महिनाभराने, साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्यांच्या हंगामात, ती वर्गाची वेळ नसताना आली. हातात ती जाडजूड वही. तिने माझ्या संगणकावर तिचं पान उघडलं आणि एका मुलाचं नाव टाकलं, शेवटी एक काडी. पान म्हणालं, सामान्य. मग तिने वही उघडून त्याच नावावर बोट ठेवलं. एक काडी, वरचा टोला, आणि पुढे तिच्याच अक्षरात, वाहक.

मला क्षणभर कळेना. मग कळलं आणि मी खुर्चीवर बसलो. माझ्या त्या ओळीने काडी पुसली होती. काडी गेली की उरतं नुसतं नाव, आणि त्या नावाचा एक माणूस मूळ गावात होता, धडधाकट. यंत्राने त्याचा अहवाल दाखवला. चूक दाखवणारा लाल मजकूर गेला होता, चूक तशीच होती.

तो मुलगा तिच्या मुलीसाठी पाहिलेला होता.

पानावर सामान्य पाहून तिने होकार दिला होता. साड्या घेतल्या होत्या, मुलीने त्याच्याशी फोनवर बोलायला सुरुवात केली होती, रविवारी साक्षगंध ठरलं होतं. शनिवारी दुसऱ्याच कुणाचं तरी कार्ड शोधायला म्हणून तिने वही काढली आणि पानं चाळता चाळता तिची नजर त्या नावावर पडली. तिने दोन्ही घरच्यांना बसवून सगळं सांगितलं. मुलाकडच्यांनी आधी मानलं नाही, म्हणाले तूच तर हो म्हणाली होतीस. शेवटी साक्षगंध थांबलं. मुलगी तेव्हापासून आईशी बोलत नव्हती.

हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं. मग म्हणाली की पानात तिची चूक कुठे झाली ते दाखवा.

मी सांगितलं, चूक तुमची नाही, माझी आहे. तिथल्या तिथे माझी ओळ काढली, प्रश्न छापील अर्जासारखा पक्का केला, नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं. नाव काडीसकट टाकलं. वाहक. दोन काड्यांचं टाकलं, खालच्या टोल्यावरच्या म्हाताऱ्याचा अहवाल आला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांचं काम मी शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली आणि मी तसं तिला म्हणालो.

ती वहीची सुटलेली पानं नीट लावत होती. काम झाल्यावर ती पिशवी घेऊन उठली आणि दाराशी थांबली.

"त्या दिवशी मले अजून एक विचारायचं होतं, सर," ती म्हणाली. "मूळ गावातल्याचं नाव येईन का, म्हणून. पन सगळे हासले, तं नाई विचारलं."

तिची एसटी होती, ती गेली.