एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

माझ्या लग्नाच्या आड पत्रिका आली नाही, हुंडा आला नाही, रंगही आला नाही. आड आली ती १४२८५७ ही संख्या. वडील सोलापुरातल्या एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. एकदा एकाला सातानं भागता भागता त्यांना ती सापडली आणि आमच्या घराची शांती गेली.

तिला दोनानं गुणलं की २८५७१४ येतात. तिनानं गुणलं की ४२८५७१. तेच सहा आकडे, त्याच क्रमानं, फक्त सुरुवात निराळ्या आकड्यापासून. सहापर्यंत हेच चालतं. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. पण वडील येईल त्या पाहुण्याला ते पाटीवर करून दाखवायचे आणि पाटी पुसायला मला हाक मारायचे. ऐकून ऐकून पाठ झालं होतं. खरं सांगायचं तर वीट आला होता.

इतरांच्या घरी पाहायला मंडळी आली की मुलीला चालून दाखव म्हणायचे, वाचून दाखव म्हणायचे. आमच्याकडे मी चहा घेऊन बाहेर यायच्या आत वडील मुलापुढे पाटी सरकवायचे. ज्याला या संख्येचं नवल वाटणार नाही त्याला मुलगी द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. दुधनीच्या अडत्याचा मुलगा तिनापर्यंत पोचला आणि घाम पुसू लागला. त्याचे मामा उखडले.

"आमी पोरगी बगायला आलोय की. पोराची परीक्षा कशाला?"

चहा तसाच ठेवून मंडळी निघून गेली. आई रडली. मला सतरावं लागलं होतं, पाठची बहीण माझ्यापायी खोळंबली होती, आणि वडील म्हणत होते, बरं झालं, सुटलो!

मग कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातला एक जण आपल्या आईला घेऊन आला. हा पाटीला असा चिकटला की चहा निवून गेला. त्यानं आपण होऊन संख्येचे मधोमध दोन तुकडे केले, १४२ आणि ८५७, आणि त्यांची बेरीज केली. ९९९ आले. वडील आनंदानं उठून उभेच राहिले. मी समोर आईचं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून बसले होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मला दोघांचाही संताप आला. अजून सातानं गुणायचं बाकी होतं. ते वडील नेहमी शेवटी काढायचे, तो त्यांचा हुकमाचा एक्का.

मुलाच्या आईनं रीत म्हणून सुचवलं, मुलीला काही विचारायचं का? त्यानं मान वर केली.

"यांना येतं का हे?"

वडील हसले. "तिला कशाला?"

माझ्या अंगाची लाही झाली. इतकी वर्षं पाटी पुसायला मी चालत होते.

"सातानं गुणलं की सगळे नऊ येतात," मी म्हणाले.

त्यानं गुणून पाहिलं. ९९९९९९. मग पाटी खाली ठेवून त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. वडिलांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कुर्डुवाडीहून होकार आला, तोसुद्धा त्यांनी मला आईकरवी कळवला.