शालनच्या नावाची किंमत

माझ्या मेव्हण्याइतका डोक्यात जाणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दुसरा नाही. असला तर मला भेटवू नका, माझं रक्त आधीच चढलेलं असतं. हा माझ्या बायकोचा, शालनचा, धाकटा भाऊ. सांगलीत दुकानदारांचे हिशोब लिहितो, आणि भागीदारीची कामं त्याच्या अंगात इतकी मुरली आहेत की जगात कुठंही एक माणूस वाढला की याला तो नवा भागीदारच दिसतो. एकदा आम्ही साताऱ्याहून एस.टी.नं येत होतो. तिघांच्या बाकावर आम्ही दोघं आणि एक मावशी. कराडला चौथा चढला आणि म्हणाला, "जरा सरका." अशा वेळी माणसं सरकतात आणि खिडकीबाहेर बघतात. हा उठून उभा राहिला आणि कोण किती सरकलं ते वाकून बघायला लागला. "दाजी, तुमी निम्मं बूड सोडलंय. मावशी जागच्या हलल्या न्हाईत." मग त्या चौथ्याला म्हणाला, "पाव्हणं, पिशवीत शेंगा हायत न्हवं? जेनं जेवढी जागा सोडली तेला तेवढ्या द्या. मावशींना देऊ नका." मावशी इस्लामपूर येईस्तोवर त्याच्या खानदानाचा उद्धार करत होत्या, आणि हा माझ्या ओंजळीतल्या शेंगा खात मला शिकवत होता की भागीदारीत असंच असतं, नवा माणूस आला की ज्याचा वाटा कमी होतो त्याला त्या नव्या माणसानं भरून द्यायचं.

त्याच्या पोराचं लग्न ठरलं तेव्हा तर कहर केला. बोलणी संपली, सुपारी फुटायची राहिली, आणि हा पोरीच्या बापासमोर मांडी घालून बसला. "नवा माणूस घरात घ्यायच्या आधी घर आजच्या भावात आणलं पायजे. मागचा तोटा नव्या माणसाच्या गळ्यात नको." आणि लागला सांगायला, की फ्रीज गळतो, आईचा स्वभाव कडू आहे आणि आता सुधारायचा नाही, पोरगा नोकरीला आहे पण सकाळी उठत नाही. पोरीचा बाप जोडे शोधायला लागला. आमच्या शालननं पुढं होऊन त्याला बसवलं, "आवं दादा, खरं बोलणारा व्याही मिळतोय, उठता कशाला?" म्हणाली, म्हणून ते लग्न झालं. नाहीतर आज तो पोरगा बिनलग्नाचा झोपलेला असता.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. शालन गेली. माझी बायको, त्याची सख्खी बहीण. हा मातीला आला, एका बाजूला उभा राहिला, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आणि तेरावा उरकला न उरकला तोच दारात हजर. "दाजी, खंडाळ्याच्या पाव्हण्याला धंद्यात भागीदार घ्यायचं ठरवलंय म्हणता. कागद करायच्या आधी सगळ्याचा भाव लावू." मला वाटलं, याला उचलून रस्त्यावर टाकावा. कुपवाडला आमची मसाल्याची शेड आहे. कागदावर मी आणि माझा भाऊ, दोघं निम्मे निम्मे. पण मसाला शालनचा. मिरची तिनं निवडायची, कांदा किती करपवायचा ते तिनं सांगायचं, पुडीवर नाव तिचंच, 'शालनचा मसाला'. कागदावर मात्र ती कुठंच नव्हती. ती गेल्यावर आम्हा दोघा म्हाताऱ्यांना शेड रेटेना. बाहेरचं भांडवल आलं नसतं तर कुलूप लागणार होतं, आणि कुलूप लागलं की ती पुडी बंद. मला दुसरी कसली भीती नव्हती.

तर हा भाव लावायला आला. आमच्या कुटायच्या डंकाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "भंगार." त्या डंकाला शालन दर दसऱ्याला हळदकुंकू लावायची! मी ओरडलो, "तुझ्या तोंडाला काय हाड हाय का न्हाई रं? तुझी बहीण हेच्यावर राबली!" तो म्हणाला, "राबली म्हणूनच झिजलाय." शेडची जागा मात्र त्यानं वर चढवली, मिरचीचा साठाही चढवला, आणि कोयनेकडच्या एका ढाबेवाल्याची उधारी बुडाली म्हणून सोडून दिली. मी म्हटलं, "लेका, तू आमच्या बाजूचा हायस का पाव्हण्याच्या?" तर म्हणाला, "मी कागदाच्या बाजूचा." असं बोलणाऱ्या माणसाला जेवायला वाढायचं कसं, तुम्हीच सांगा. तरी वाढलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग खंडाळ्याचा पाव्हणा आला. कडक इस्त्रीचा, गोड बोलणारा. त्याला तिसरा हिस्सा हवा होता. मेव्हणा म्हणाला, "जागा, यंत्रं, साठा झाला. आता गुडविल, म्हंजे नाव. तेचं येगळं मोजायचं." पाव्हणा हसला. "आवं, बाई तर गेल्या. आता नावाचं काय मोजायचं?"

मी खुर्चीवरून उठलो होतो. माझ्या भावानं माझा हात धरला. मेव्हण्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं. मग तुमी खंडाळ्यात तुमच्या नावाचा मसाला काढा की. हितं कशाला आलाय?"

पाव्हण्यानं टेबलावरची पुडी उलटीसुलटी करून बघितली. शेवटी म्हणाला, "नाव मानतो. पुडीवर ऱ्हाऊ दे. पण त्याचे पैसे रोख आणायला जमायचं न्हाई."

"रोख नको. तुमच्या भांडवलातनं कापतो आणि ह्या दोघांना जमा करतो. करा सही." त्यानं सही केली. पुडी वाचली. आयुष्यात पहिल्यांदा मला मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली.

तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या हाताखाली गेलं. मी चौथी शिकलेला, पण एवढं कळतं. त्यानं आधी शालनच्या नावाची पुरी किंमत लिहिली होती, आणि खालच्याच ओळीला ती सगळी उडवून शून्य केली होती. माझं डोकं फिरलं. "भाड्या, आत्ता लिवलंस आणि आत्ता पुसलंस? बहीण होती रं तुझी!"

तो मान वर न करता म्हणाला, "दाजी, तुमचं जमा झालंय, ते कुठं जात न्हाई. पर नाव वहीत ठेवायचं नसतं. ठेवलं तर दरसाल तेच्यातलं थोडं थोडं कमी करावं लागतं, पार संपंस्तोवर." पेनाचं टोपण त्याला बसेना. "अक्काला दरसाल मी कमी करत बसू व्हय? माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

तोंडात आलेली शिवी तशीच राहिली. पाव्हणा आणि भाऊ बाहेर गेले. आम्ही दोघं मिरचीच्या पोत्यांजवळ बसून राहिलो. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो म्हणाला, "ठसका लय हाय तुमच्या शेडमधी." मी म्हटलं, "हाय."

अजून येतो तो, महिन्याकाठी. काही ना काही भंगारात काढतो, मी भांडतो, तो जेवतो. जाताना फाटकाशी थांबून स्कूटरला चार किका मारतो आणि निघतो. मी कुपवाडच्या त्या रस्त्यावर आवाज विरेपर्यंत उभा असतो. तिच्या माहेरचं आता तेवढं एकच माणूस माझ्याकडं येतं.