ध्यानानं पडते माणूस

रस्त्यानं जाणाऱ्या म्हाताऱ्याला गाठायचं, बरोबरीनं चालायचं आणि विचारायचं, "अडीच साते किती?" असा माणूस सगळ्या नागपुरात एकच होता. गजभिये गुरुजी. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. म्हातारा हिशेबासाठी थांबला की ते चिडत. "थांबले काहून? पाय चालू द्या अन् डोकंबी चालू द्या. माणूस पायानं नाही पडत गा, ध्यानानं पडते." वस्तीत त्यांना चक्रम म्हणत. मीही म्हणायची.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, तेव्हा माझे बाबा खरंच पडले. पाय नालीवरच्या फरशीवर, बाजूनं कोणीतरी "जय भीम" घातला, बाबांनी मान वळवून हात जोडले आणि गेले नालीत. हाड वाचलं, पण धीर खचला. बाहेर पडलं की पावलोपावली जय भीम, आणि उत्तर न देणं त्यांच्याच्यानं होणारं नव्हतं. मग ते घरातच बसले. खाट ते मोरी, मोरी ते खाट. तीस वर्षं मिलमध्ये उभं राहून राबलेला माणूस भिंत धरून चालू लागला. ते असेच खाटेवर संपतील, या भीतीनं मला घास गोड लागेना.

शेवटी चक्रमाच्याच दारात गेले. गुरुजी लगेच आले. बाबांना पाढे येत नव्हते. त्यांना शाळेत बसूच दिलं नव्हतं कोणी. गुरुजींनी पाढे सोडून दिले. मग म्हणाले, "दादा, दीक्षेले आपल्या वस्तीतून कोण कोण गेलं होतं, सांगा. शेवटल्या घरापासून पहिल्यापर्यंत. पण अंगणात चालता चालता."

चौथ्या नावाला बाबांनी भिंत धरली. "पुन्हा सुरुवातीपासून," गुरुजी म्हणाले. रोज सकाळी हेच. पुढे नावं घेत विटेवर चढणं-उतरणं. मधेच गुरुजी मागून "जय भीम!" ओरडत. बाबा वैतागत, "मारता का गुरुजी मले?"

"मी काहून मारू? बाहेर जायचं हाय ना तुमाले?"

एकदा चहा घेताना मी विचारलं, हे खूळ आलं कुठून? गुरुजींनी कप खाली ठेवला. "माय पाण्याचा हंडा घेऊन पायऱ्या उतरत होती. मले नोकरी लागली होती, कागद हातात. मी लांबूनच 'माय वं!' म्हणून आवाज देल्ला. तिनं वर पाह्यलं." चहा तसाच ठेवून ते अंगणातली वीट सरळ करायला उठले. त्या दिवसापासून त्यांना चक्रम म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

दिवाळीपर्यंत बाबा एकटे चौकात जाऊ लागले.

सातेक वर्षांनी गुरुजी काविळीनं गेले. तिरडी उचलताना बाबा पुढे झाले. पोरं म्हणाली, "आबा, तुमी मागून या." बाबांनी ऐकलं नाही. पंचाहत्तरीला टेकलेला माझा बाप, तोंडानं 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत, त्या खाचखळग्यांच्या गल्लीतून निघाला, आणि वस्ती संपेपर्यंत त्यानं कोणाला खांदा बदलू दिला नाही.