पाण्याबरोबर

“करून दाखवा.”

एवढं म्हणून आमच्या सिस्टर दोन पावलं मागं सरायच्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. समोर पेशंट, एका हातात कॅप्सूल, दुसऱ्या हातात प्लास्टिकचं मशीन, चेहरा तोंडी परीक्षेला बसल्यासारखा. मागं रांग खोळंबलेली. आतून डॉक्टर घंटी वाजवतायत. सिस्टर ढिम्म.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी दम्याचं माणूस असेल, तर ते मशीन तुम्ही पाहिलं असेल. कॅप्सूल त्यात बसवायची, मशीन फिरवलं की ती उघडते, आणि आतली पूड तोंडानं जोरात ओढून छातीत घ्यायची. नव्वदच्या दशकात आमच्या भागात हे औषध नवं होतं. तळोज्याच्या कारखान्यांलगत, नावड्याच्या अलीकडे आमचं बारा खाटांचं हॉस्पिटल. सकाळी शटर वर केलं की आधी कारखान्यांचा वास आत यायचा, मग पेशंट. मी नुकतीच डी.फार्म. होऊन तिथं औषधांच्या खिडकीत बसायला लागले होते.

एक आजोबा मशीन ओढायच्या ऐवजी त्यात फुंकायचे. पूड सगळी सिस्टरांच्या अंगावर. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, “आजोबा, चिलीम ओढली असंल की कधी. तशी ओढा.” आजोबांनी चोरून बायकोकडे बघितलं आणि असा झकास झुरका मारला की आजी म्हणाली, “चिलीम सोरली सांगत व्हता नं? मंग दम बरा लक्षान हाय.” रांग हसली. सिस्टर हसल्या नाहीत. “आता रोज असंच,” म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली.

त्या पेशंटचं मनगट धरायच्या तेव्हा सगळ्यांना वाटायचं, नाडी बघतायत. खरं म्हणजे त्या श्वास मोजत असायच्या. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस नीट घ्यायला लागतो, म्हणून ही लबाडी. धाप लागलेल्या माणसाला “जरा आडवे व्हा” म्हणणाऱ्या नातेवाइकांवर त्यांचा भारी राग. त्याला बसवायचं, पुढ्यात टेबल, टेबलावर उशी, त्यावर हात टेकवून ओणवं करायचं. कफ भरला असेल तर पाठ थोपटायची, हाताची ओंजळ करून, कितीही वेळ. हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले.

करून दाखवायचा हट्ट मात्र त्यांचा आधीपासूनचा नव्हता. आधी त्याही इतरांसारख्याच “सकाळी एक, संध्याकाळी एक” सांगून मोकळ्या व्हायच्या.

सिस्टर साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान तळोज्यातल्या एका केमिकल कंपनीत पाळ्या करायचे. त्यांची रात्रपाळी तर यांची सकाळची. नवराबायकोची गाठ पडायची ती दारात, एक आत येताना आणि एक बाहेर पडताना. यजमानांना जुना दमा. सिस्टर ड्युटीवर निघताना त्यांच्या गोळ्या स्टीलच्या वाटीत काढून ठेवायच्या, वर ताटली, शेजारी पाण्याचा तांब्या. वर्षानुवर्षं हाच शिरस्ता. तेवढाच काय तो त्या दोघांचा संसार, असं त्या एकदा मला म्हणाल्या होत्या.

मग डॉक्टरांनी गोळ्या बंद करून त्यांना कॅप्सूल लिहून दिल्या. कॅप्सूलची डबी आणि मशीन माझ्याच खिडकीतून गेलं. इतर पेशंटना मी निदान “मशीनमधून ओढायची हं” एवढं तरी सांगायची. सिस्टरांना काय सांगणार? त्यांनीही घरी “मशीन कपाटात ठेवलंय” एवढं सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून वाटीत गोळ्यांच्या जागी कॅप्सूल काढून ठेवायला लागल्या. संध्याकाळी वाटी रिकामी असायची. दोन महिने.

एके दिवशी सकाळी कंपनीच्या जीपमधून यजमानांना आणलं. ओठ निळे पडले होते. सिस्टरांनीच त्यांना खाटेवर बसवून पुढं उशी दिली, ऑक्सिजन लावला. मी इंजेक्शनं घेऊन धावले. डॉक्टर शीर शोधता शोधता म्हणाले, “औषध चालू होतं ना?” आणि कानाला स्टेथोस्कोप लावून पाठीवर वाकले. यजमानांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

“एक पन... चुकवली न्हाई. पान्याबरोबर... रोज.” थांबून पुन्हा म्हणाले, “मशीनची गरजच... पडली न्हाई.”

सांगताना त्यांना समाधान वाटत होतं. कंपनीतल्या माणसांनी त्यांना भरवलं होतं, मशीन एकदा तोंडाला लागलं की सुटत नाही. म्हणून त्यांनी आपल्या परीनं मशीन टाळून नुसत्या कॅप्सूलवर भागवलं होतं. पोटात गेलेली ती पूड छातीला काही कामाची नव्हती. डॉक्टरांना ते ऐकू गेलं नाही. सिस्टरांना गेलं आणि मला गेलं.

“बोलू नका,” सिस्टर म्हणाल्या आणि मास्क पुन्हा लावला. तासाभरात ते गेले.

दिवस-कार्य उरकून सिस्टर कामावर आल्या. मी खिडकीतून बाहेर आले आणि रडत सुटले. म्हटलं, “सिस्टर, डबी मी दिली होती. मी सांगायला हवं होतं.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. जराही न थांबता म्हणाल्या, “तुझं काही चुकलं नाही.” खरं सांगते, माझ्या मनावरचा धोंडा उतरला. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

त्याच आठवड्यात त्यांनी जुने केसपेपर काढले. ज्यांना ज्यांना हे औषध दिलं होतं त्यांची नावं एक्स-रेच्या पाकिटामागं लिहिली. रविवारी मला म्हणाल्या, “चल.” कुणी आम्हाला पाठवलं नव्हतं. चाळीतून, कॉलनीतून, गावातून आम्ही दारं वाजवत हिंडलो. “करून दाखवा.” एका घरी मशीन शोकेसमध्ये बाहुलीशेजारी होतं. एकानं ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं, पोरांच्या हाती लागू नये म्हणून. औषध दोघंही गिळत होते, पाण्याबरोबर, अगदी वेळेवर.

सिस्टरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. नोकरी सोडून त्या गावी गेल्या आणि तिकडेच वारल्या. मला त्या आठवतात त्या तिसऱ्या रविवारच्या.

नावड्यातलं घर होतं. ओटीवरच एका म्हातारीचा फोटो, त्याला ताजा हार. आम्ही तिलाच भेटायला आलो होतो. सुनेनं पाणी आणलं. सिस्टरांनी हळूच विचारलं, “औषध कसं द्यायचीस गं?”

“दोन टाइम, बाय. पान्याबरोबर. यक दिस पन चुकवला नाय.” ती थांबली. आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघायला लागली. “का वं बाय? आमचा कायी चुकला का?”

तिच्या मागच्या फळीवर मशीन होतं. वरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. सिस्टरांनी ते पाहिलं. त्या उठल्या, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि जराही न थांबता म्हणाल्या, “तुझं काही चुकलं नाही.”

मग फळीवरचं मशीन काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं. “हे आता हितं कशाला? दुसऱ्या कुणाला तरी होईल,” म्हणाल्या. सून पदरानं डोळे पुसत होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला. माझाही असाच उतरला असणार.

तेच शब्द होते. आवाजही तोच, हातही तोच. मी दारातच उभी राहिले. मला सिस्टरांना विचारायचं होतं आणि विचारायची भयंकर भीती वाटत होती. त्या पुढं चालत होत्या. नाक्यावर थांबून त्यांनी पिशवीतून एक्स-रेचं पाकीट काढलं, म्हातारीच्या नावावर अंदाजानं काट मारली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. त्यांचा चष्मा हॉस्पिटलातच राहिला होता.

“पुढचं नाव कुणाचं आहे?”

मी पाकिटाकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, रस्त्याकडेच बघत राहिल्या.

“वाच,” म्हणाल्या. मी वाचलं.