किमयाचे दोन गट

किमयाबद्दल मला फार थोडं माहीत आहे. ती दोन वर्षं नेरे गावात आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिली. मूळची वाशिमकडची, वडील शाळेत शिपाई, चहात साखर कमी. एवढंच. तिला काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, हे मी कधी विचारलं नाही. लिहायची मला सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्यावं.

ती विद्यापीठाच्या एम. फार्म.ला होती. विषयाचं नाव क्लिनिकल फार्माकोलॉजी. ते मला नीट म्हणता यायला महिना लागला. सकाळी ती गच्चीवर येरझारा घालत पाठ करायची आणि मी खाली गोठा झाडताना ऐकायचो. एकदा धीर करून विचारलं, "औषध डॉक्टर देतो, दुकानदार इकतो. मधी तुझं काय काम?"

"ते खरंच लागू पडतं का, हे बघायचं," ती म्हणाली. "मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून धरून चालायचं नाही. सारखी माणसं घ्यायची, दोन गट करायचे. एका गटाला द्यायचं, दुसऱ्याला नाही. मग फरक बघायचा."

"आन् फरक न्हाई दिसला तर?"

"तर तसंच लिहायचं."

शेवटच्या वर्षी तिने आपला अभ्यास आमच्याच गावात केला. बीपीची गोळी चालू असलेली साठ माणसं घेतली. डॉक्टरांची औषधं ज्याची त्याला होती तशीच. बंद पाकिटं उचलायला लावून तीस जण पहिल्या गटात घातले, तीस दुसऱ्या. पहिल्या गटाजवळ ती दर रविवारी बसून सगळं समजावणार होती. दुसऱ्या गटाचं सहा महिने नुसतं बीपी मोजणार, आणि तेच सगळं त्यांना शेवटी सांगणार. माणसाजवळ बसून नीट बोललं तर औषध जास्त लागू पडतं, हे तिला दाखवायचं होतं. तसं दिसलं तर तिचे सर एका इस्पितळात हेच काम सुरू करणार होते, आणि ते तिला मिळणार होतं. वॉर्डात पेशंटशी बोलायचं काम. दुसरं काही तिला नको होतं.

मी पहिल्या गटात आलो. "इथलं बोलणं दुसऱ्या गटात जाऊ देऊ नका," तिने बजावलं. मी मान हलवली.

दुसऱ्या गटात माझा शेजारी कोंडाजी होता. आमच्या बांधाला बांध, लहानपणापासूनची सोबत. रविवारी संध्याकाळी तो बांधावर येऊन उभा राहिला.

"काय शिकवलं रं पोरीनं?"

"सांगू नका म्हनलीया."

"व्हय बाबा. तुझं पाकीट चांगलं निघालं. आमी मरतो असंच."

आमच्याकडे खरवस केला तरी वाटीभर कोंडाजीकडे जातो. ही तर जिवाची गोष्ट. मी सांगितलं. डोकं दुखलं की गोळी घ्यायची, असं आम्ही सगळेच करायचो. तिचं सांगणं, बीपी दुखत नाही, गोळी रोज घ्यायची. पापड-लोणचं कमी करायचं. असं दर रविवारी चाललं. कोंडाजीच्या पोटात काही राहत नाही. पारावर बसून त्याने ते दुसऱ्या गटातल्या बाकीच्यांना माझ्यापेक्षा बरं समजावलं.

"कोंडाजी, कंपाउंडर झालास व्हय?" लोक चिडवायचे. आणि गोळ्या घ्यायचे.

सहा महिन्यांनी किमयाने जिन्यात वही उघडून मला दाखवली. दोन्ही गटांचं बीपी सारखंच उतरलं होतं.

"फरकच नाही, आजोबा," ती म्हणाली. "मी बोलले काय, न बोलले काय."

मी काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं. त्याच पायरीवर सांगायला हवं होतं. गट मिसळले, एवढं तिला लिहिता आलं असतं. पण मी मान हलवली होती ना तिच्यासमोर. प्रबंध द्यायला अजून आठ दिवस होते. रोज सकाळी मी ठरवायचो, आणि ती समोर आली की पाण्याचं, मोटरचं बोलायचो. कोंडाजी म्हणाला, "तू सांग, न्हाईतर मी सांगतो." त्यालाही मीच गप्प बसवलं. तिने दिसलं तसं लिहून दिलं. इस्पितळातलं काम सुरू झालंच नाही. तिने हैदराबादला नोकरी धरली. औषधांनी कुणाला काय त्रास झाला, ते दिवसभर संगणकावर वाचून नोंदवायचं.

त्या खोलीत आता दोन मुलं राहतात. चांगली आहेत, वेळेवर येतात-जातात. सकाळी गोठा झाडताना माझा हात अजून थांबतो. वाटतं, वरून तो पाठ ऐकू येईल. कोंडाजीचं बीपी आजही ताब्यात आहे. ते तिच्या बोलण्याने, हे तिला ठाऊक नाही.

ती निघाली त्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. मी तिची बॅग आत ठेवली आणि तिथेच उभा राहिलो.

"काही म्हणत होतात का, आजोबा?"

"न्हाई. जेवलीस का?"

"हो, खिचडी केली होती."

"डबा घेतलास नव्हं?"

"घेतलाय."

"मंग बरं."