थोरल्या बहिणीला कुणी काढलं?

वर्ना ऑस्लंड बावीस वर्षं हॉलिवूडमध्ये पुस्तकं वाचत होती. स्टुडिओतल्या सुतारखान्यावरच्या खोलीत बसायचं, कादंबरी वाचायची आणि तिचा गोषवारा तीन पानांत टाइप करायचा, हे तिचं काम. चौथं पान वरच्या साहेबांपैकी कुणी उलटत नसे. सिनेमा लागला की ती मागच्या रांगेत बसून चोर शोधायची. पुस्तकातली म्हातारी कुणी पळवली, शेवटी लग्न कुणी घुसडलं? पडद्यावर सरकणाऱ्या प्रत्येक नावावर तिचा संशय. पुस्तकांची राखण करणारी इथे आपण एकटीच, याबद्दल मात्र तिला कधी शंका आली नाही.

नेब्रास्काच्या अडेला प्रुइटबाईंचं पत्र तिच्याच टेबलावर आलं. बाईंच्या कादंबरीत दोन बहिणी नदीवर दोराने ओढायची प्रवासी होडी चालवतात, त्यातली थोरली मुकी. त्यावरच्या सिनेमात ती नव्हतीच. बाईंनी लिहिलं होतं, ‘घोडेस्वार आला, गाणी आली, माझी तक्रार नाही. पण ती माझी सख्खी बहीण होती, आणि आता ती नाही. तिला कुणी काढलं, तेवढं नाव कळवा.’

नाव वर्नाला ठाऊकच होतं. ती तडक पटकथा लिहिणाऱ्या मिल्टकडे गेली. मिल्ट सँडविच खात होता. घोडेस्वार आपला, गाणी आपली, हे त्याने घास न गिळताच कबूल केलं.

“आणि बहीण?”

“कसली बहीण?”

“सोंग नको आणूस. पुस्तकात पानोपानी आहे ती.”

“अगं बाई, पुस्तक मी कधी वाचलं? तू वाचतेस, म्हणून तर इथे दुसऱ्या कुणाला वाचावं लागत नाही.”

तिचा विश्वास बसला नाही. तिने स्टुडिओच्या दप्तरातून त्या कादंबरीचा आपला जुना गोषवारा काढून घेतला. त्यात थोरली नव्हती. कुणीतरी पान फाडलं, हा पहिला विचार. तिने पानं मोजली, तीनच्या तीन. मग दुसरा कुणी टाइप करून गेला असेल. पण ओळीखाली घसरणारं ते अक्षर तिच्याच यंत्राचं होतं, आणि तळाशी सही तिची.

दुसऱ्या पानावर पुराचा प्रसंग होता. दोर कापून प्रवाशांना वाचवणारी, धाकटी. हळूहळू तिला आठवलं. थोरली अख्ख्या पुस्तकात एक शब्द बोलत नाही, आणि जागा संपत आलेली. थोरलीची कुऱ्हाड वर्नानेच धाकटीच्या हातात दिली होती. अर्ध्या पानाची जागा वाचली म्हणून त्या दिवशी ती खूशही झाली होती.

मिल्ट दारात येऊन उभा होता. “माझंच नाव कळव,” तो म्हणाला. “शिव्या खायची मला सवय आहे.”

“गप्प बस,” ती म्हणाली, पण त्याच्यासाठी खुर्ची सरकवून.

दोन दिवस लावून तिने कादंबरी पुन्हा वाचली. मग यंत्रात कागद चढवला आणि पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. खाली थोरलीबद्दल लिहू लागली: तिची कुऱ्हाड, दोराने सोललेले तळवे, प्रवासी उतरल्यावर मान वळवून हसणं.

पत्र सात पानांचं झालं.